४१ टचडाउन आणि दोन गुडघे

साउथ कॅरोलायनात सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या शनिवारी कुणी लग्न काढलं, की पाहुणे आधी सामन्यांचं वेळापत्रक काढून बघतात. मी राहते ते कोलंबिया या राज्याची राजधानी. राज्यात व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा (हातात चेंडू घेऊन खेळतात तो) एकही मोठा संघ घरचा नाही, त्यामुळे इथल्या लोकांचा सगळा जीव साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘गेमकॉक्स’ या संघावर. झुंजीचा कोंबडा हे त्यांचं चिन्ह, गडद डाळिंबी हा रंग. विल्यम्स-ब्राइस स्टेडियममध्ये सुमारे ८० हजार माणसं बसतात. शेजारच्या जुन्या रुळांवर आगगाडीचे गार्डाचे डबे कायमचे उभे आहेत. आत सोफा, स्वयंपाकघर, वर टपावर गच्ची. त्यांचे मालक सामन्याच्या दिवशी तिथे पंगती घालतात. बाकीचे लोक वाहनतळावरच गाड्यांच्या डिक्क्या उघडून सकाळपासून शेगड्या पेटवतात. सोबत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. २००६ पासून तो या राज्याचा अधिकृत खाऊ आहे! परक्या मुलखात नवीनच आलेल्या मला या गर्दीत कुणीतरी ओल्या, गरम शेंगांची पिशवी हातात दिली आणि बसायला खुर्ची सरकवली. या खेळाची गोडी मला तिथे लागली.

आणि मार्कस लॅटिमोरचं नावही मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. माझ्या ओळखीचे लोक त्याला नुसतं ‘मार्कस’ म्हणतात, आपल्या वाड्यातल्या मुलाबद्दल बोलावं तसं.

मार्कस रनिंग बॅक होता. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं; तेवढं जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं करत चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला, की टचडाउन. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, एकतर चेंडू लांब फेकतो, नाहीतर रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. मग समोरच्या अकरा जणांनी याला पाडायचं आणि याने पडेपर्यंत पुढे घुसायचं. कबड्डीतल्या चढाईसारखंच हे. फरक एवढाच की इथले पकडणारे शंभर-सव्वाशे किलोचे असतात, पळत येऊन अंगावर आदळतात, आणि एका दुपारी अशा वीस-पंचवीस चढाया एकट्याने करायच्या असतात.

मार्कस याच राज्यातल्या डंकन गावचा. शाळेत असतानाच देशातल्या अव्वल रनिंग बॅकमध्ये त्याची गणना व्हायची. अलाबामातलं ऑबर्न विद्यापीठही त्याच्या मागे होतं, पण फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने आपलं राज्य निवडलं. ऑबर्न त्याच हंगामात राष्ट्रीय विजेता झालं. इथले लोक हे आवर्जून सांगतात, कारण त्यांच्या लेखी तो विजेतेपद सोडून घरी राहिलेला मुलगा आहे.

त्या पहिल्याच वर्षी त्याने काय केलं ते ऐका. ९ ऑक्टोबर २०१० ला देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामा विद्यापीठाला गेमकॉक्सने ३५-२१ असं हरवलं. मार्कसचे तीन टचडाउन. नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडाच्या मैदानावर तो तब्बल चाळीस वेळा चेंडू घेऊन घुसला, २१२ यार्ड धावला, पुन्हा तीन टचडाउन केले. त्या विजयामुळे साउथ कॅरोलायनाने आपल्या लीगचा पूर्व विभाग इतिहासात पहिल्यांदा जिंकला. हंगामाअखेर त्याच्या नावावर १,१९७ यार्ड आणि धावून केलेले १७ टचडाउन होते.

फ्लोरिडाच्या त्या सामन्याच्या चित्रफिती मी पुष्कळदा पाहिल्या आहेत. मार्कस खांदा खाली घालून थेट जातो, आदळल्यावरही त्याचे पाय चालूच राहतात आणि जिथे थांबायला हवा होता त्याच्या दोन यार्ड पुढे पडतो. उठतो, चेंडू पंचांच्या हातात देतो, जागेवर परततो. ना छाती ठोकणं, ना नाच. मला तो आवडतो तो यासाठी. पण चाळीस हा आकडा मला प्रत्येक वेळी टोचतो. एकोणिसाव्या वर्षी एका दिवसात चाळीस वेळा, आणि बहुतेक वेळा शेवट आपटण्यातच.

१५ ऑक्टोबर २०११ ला मिसिसिपी स्टेटविरुद्ध त्याचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाला आणि पुढच्या हंगामात तो परत उभा राहिला.

२७ ऑक्टोबर २०१२. टेनेसीविरुद्धचा घरचा सामना. आम्हा काहीजणांकडे तिकिटं नव्हती, म्हणून वाहनतळावर कुणीतरी लावलेल्या टीव्हीसमोर बसलो होतो. स्टेडियमबाहेर टीव्ही पाहण्याची एक गंमत असते. चित्र काही सेकंद उशिरा येतं, त्यामुळे आतून आरोळी उठली की पडद्यावर काय दिसणार ते आधीच कळतं. त्या दिवशी दुसऱ्या क्वार्टरमध्ये आतला सगळा गलका एकदम तुटला. पडद्यावर मार्कसच्या हातात अजून चेंडू यायचा होता. माझ्या बाजूला बसलेल्या बाईंनी चित्र यायच्या आधीच डोळ्यांवर हात घेतले. मग ते दिसलं. मार लागला आणि उजवा पाय गुडघ्यापासून भलतीकडेच लोंबकळला. गुडघा निखळला होता, आतले अस्थिबंध फाटले होते. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात आले, टेनेसीचेसुद्धा, आणि त्याच्याभोवती गुडघे टेकून बसले. सामना आपण ३८-३५ असा जिंकला; त्याबद्दल नंतर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. तेव्हा राज्याच्या गव्हर्नर होत्या निकी हेली, अमृतसरकडून इथे आलेल्या शीख कुटुंबातल्या. त्यांनी तो दिवस राज्यात ‘मार्कस लॅटिमोर दिन’ म्हणून जाहीर केला.

लोकांचं हे प्रेम खरं होतं, मी ते जवळून पाहिलंय. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. मार्कसला विद्यापीठाने शिक्षण, राहणं, जेवण दिलं, पगार नाही. तेव्हा तसा नियमच होता. त्याच्या नावावर स्टेडियम भरायचं, टीव्हीचे करार व्हायचे, त्याच्या क्रमांकाची जर्सी दुकानात विकली जायची. त्याचे प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर यांचं वर्षाचं मानधन २० लाख डॉलरच्या वर होतं. आणि त्यांनाही हे खुपत असावं, कारण २०११ च्या उन्हाळ्यात त्यांनीच लीगच्या बैठकीत सुचवलं की खेळाडूंना दर सामन्याला ३०० डॉलर द्यावेत, आणि ते आम्ही प्रशिक्षकांनी आपल्या खिशातून भरू. आणखी काही प्रशिक्षकांनी सह्याही केल्या. पण ते काही झालं नाही.

बरं, मग त्याने पैसे मिळतात तिथे का जाऊ नये? कारण व्यावसायिक लीग, म्हणजे एनएफएल, शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणालाही घेत नाही. मार्कसची शाळा संपली २०१० मध्ये. पहिल्या हंगामानंतर तो धडधाकट होता, तेव्हा दार बंद. दार उघडलं २०१३ मध्ये, तोवर दोन्ही गुडघ्यांवर वार झाले होते. क्वार्टरबॅक पस्तिशीपर्यंत खेळतो, त्याला तीन वर्षं थांबणं परवडतं. रनिंग बॅकचं शरीर सव्विशी-सत्ताविशीत उतरणीला लागतं, आणि त्यातली तीन वर्षं तो तेव्हा फुकट खर्चायचा. वर त्याची किंमतही घसरत चाललेली. एनएफएलचे संघ दरवर्षी पाळीपाळीने, फेऱ्यांमधून नवे खेळाडू निवडतात. २०१३ च्या निवडीत पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक घेतला गेला नाही. असं पन्नास वर्षांत झालं नव्हतं.

मार्कसला चौथ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्सनी घेतलं, पायाची अवस्था माहीत असूनही. त्याने सरावाचा प्रयत्न केला. गुडघ्याने साथ दिली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, एकही व्यावसायिक सामना न खेळता, तो निवृत्त झाला. वय तेवीस. कॉलेजचे एकूण ४१ टचडाउन, त्यातले धावून केलेले ३८ हा विद्यापीठाचा विक्रम.

तो परत आला आणि राहिलेली पदवी पूर्ण केली, याचं मला सगळ्यात कौतुक वाटतं. २०१८ मध्ये तो विद्यापीठाच्या संघात खेळाडूंच्या जडणघडणीचं काम पाहू लागला. दोन वर्षांनी ते सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगनला गेला. शेंगांच्या ठेल्यावर यावर वाद होतात. मला वाटतं त्याने या गावाला पुरेसं दिलं होतं.

आता पैशाचं बदललंय. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, आणि २०२५ पासून विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत. उशिरा का होईना, हे झालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण तीन वर्षांचा नियम तसाच आहे. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली होती. २००४ मध्ये तो आधी जिंकला, मग अपिलात हरला. तोही रनिंग बॅकच होता.