स्वयंपाकघरातलं वायफाय आणि फोनला न दिसलेला आवाज

आईचा मावशीशी रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल असतो आणि तो रोज मध्येच अडकायचा. हॉलमध्ये नेट मस्त, मग ओट्यापाशीच काय होतं? शेवटी फोनमध्ये वायफाय ॲनालायझर टाकलं आणि घरभर फिरलो. राउटरजवळ मायनस ४०, ओट्यापाशी मायनस ७८ डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, मायनसचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). दर १० ला सिग्नल दहापट पडतो, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तो सहा हजार पटीने कमी झालेला!

एक गोष्ट आधीच सांगतो, अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत ४ च स्कॅन करता येतात, म्हणजे आसपासची नेटवर्कं चारदाच शोधता येतात, त्यामुळे तुम्ही पुढच्या खोलीत जाता आणि आकडा मागच्याच खोलीचा असतो. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधला लपवलेला भाग) वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग, म्हणजे हीच मर्यादा, बंद करता येतं, ते करा मगच फिरा.

तर ग्राफमध्ये माझा राउटर चॅनल ३ वर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल, म्हणजे १३ गल्ल्या, आहेत खऱ्या, पण ते ५-५ मेगाहर्ट्झवर आणि एक नेटवर्क साधारण २० खातं, म्हणून एकमेकांवर न चढणारे १, ६, ११ एवढेच. ३ वर बसलं की १ वाले आणि ६ वाले दोघंही त्रास देतात. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, अर्धवट चढलेल्यांचा मात्र नुसता गोंगाट होतो. ११ मोकळा दिसला, तिथे टाकला.

नऊला कॉल परत अडकला. ग्राफ तस्साच, ११ मोकळाच. आणि मागे मायक्रोवेव्हमध्ये दूध तापत होतं, तेव्हा लक्षात आलं.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत सांगतो, फोन ती नावं गोळा करतो आणि ॲप त्यांचाच ग्राफ काढतं. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यातून थोडं बाहेर झिरपतं, पण त्याला नाव नाही मग फोनच्या यादीत तो येणार कुठून? चॅनल ११ चा मध्य २४६२, अगदी शेजारी. चॅनल १ चा २४१२.

मग शेजारचे तीन राउटर दिसत असूनही १ वर गेलो आणि राउटर पॅसेजमध्ये आणला. काल दूध तापत असताना मावशीने अख्खी आमटीची रेसिपी सांगितली, आईने एकदाही "ऐकू येतंय का गं?" विचारलं नाही.