कौल आणि खंड्याचे कान

वेंगुर्ले तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात मी रवळनाथाच्या देवळात गुरवकी करतो. गाऱ्हाणे घालणे आणि कौल लावणे हे आमच्या घराण्याकडे चालत आलेले काम आहे. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मागणे मांडायचे आणि वाट पाहायची. उजवी आधी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. परगावच्या माणसाला यात काय वाटेल ते वाटो, ज्याचा प्रश्न असतो त्याचा जीव त्या पाकळीत अडकलेला असतो.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठली, पण नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला होती. समुद्राला नारळ दिल्याखेरीज होडी न लोटणाऱ्यांनी महिनाभर किनाऱ्यावर बसायचे आणि ट्रॉलरवाल्यांनी मात्र कोळंबी ओढून न्यायची, हे पोटावर पाय देणारेच होते. म्हणून एक वयस्कर होडीवाले आपल्या दोन मुलांसह कौल घ्यायला आले. पौर्णिमेपूर्वी होडी लोटावी का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

माझा कुत्रा खंड्या नेहमीप्रमाणे सभामंडपाच्या पायरीखाली होता. त्याला ‘थांब’ म्हणून मी आत गेलो, गाऱ्हाणे घातले आणि मंडळींनी ‘व्हय महाराजा’ म्हटले. पावसाळी दमट हवेत दोन्ही पाकळ्या घट्ट चिकटून राहिल्या. थोड्याच वेळात थोरल्याने मोबाइल काढला, धाकट्याने डिझेलचा हिशेब सुरू केला आणि काका मला म्हणाले, “गुरवानू, प्रश्न जरा वेगळो करून इचारा.” मग त्यांनीच देवाला पौर्णिमेचा नारळ आधी देण्याची, वर कोंबड्याची, अशा सवलती सुचवायला सुरुवात केली.

त्या गलक्यात माझी नजर पायरीकडे गेली. खंड्याचा डावा कान बोलणाऱ्यांच्या दिशेने नुसता थरथरत होता, उजवा मात्र माझ्याकडे वळून ताठ उभा होता आणि डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा; पण त्या तीक्ष्णतेचा इथे काही संबंध नव्हता. इतक्या आवाजांतून कोणत्या आवाजाची वाट पाहायची, हे त्याने ठरवले होते. ‘ये’ म्हणेन की ‘बस’ म्हणेन, याविषयी त्याचा आग्रह नव्हता. आम्ही मात्र उत्तर घरूनच ठरवून आणले होते आणि देवाने त्यावर फक्त शिक्का मारावा म्हणून त्याच्यापुढे अखंड बोलत होतो. गाऱ्हाण्यात देवाला ऐकवणे पुष्कळ असते. देवाचे ऐकण्यासाठी आम्ही फारशी जागाच ठेवलेली नसते.

मी हात वर करून सर्वांना गप्प केले. बऱ्याच वेळाने डावी पाकळी सुटली. थोरला म्हणाला, “परत एकदा लावन बघूया.” काकांनी त्याला दटावले आणि पाषाणाला हात जोडून ते उठले. त्यांची होडी पौर्णिमेनंतरच पाण्यात गेली. त्या महिन्याचे नुकसान त्यांना सोसावे लागले, हेही सांगायला हवे.

तेव्हापासून गाऱ्हाणे संपल्यावर पाकळी सुटेपर्यंत कोणी बोलायचे नाही आणि डावा कौल फिरवून मागायचा नाही, असा दंडक मी घातला आहे. काही मानकऱ्यांची कुरकुर चालू असते. गुरव कुत्र्याकडून शिकून आम्हाला शिस्त लावतो, असे ते म्हणतात. त्यात खोटे काही नाही, म्हणून मी वाद घालत नाही.