रूट कॅनॉल झालेल्या दातात आतून बाँडिंग करताना

रूट कॅनॉल पूर्ण झाले की दात वाचला, असे बहुतेक रुग्णांना वाटते. दंतवैद्याच्या दृष्टीने मात्र तोवर फक्त मुळातला संसर्ग आटोक्यात आलेला असतो. वरचे भरण गळके राहिले, तर तोंडातले जीवाणू लाळेबरोबर पुन्हा मुळाच्या टोकापर्यंत पोचू शकतात. रे आणि ट्रोप यांनी १९९५ साली हजाराहून अधिक दातांच्या एक्स-रेंचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मुळाच्या टोकाभोवतीचे हाड निरोगी राहण्यात वरच्या भरणाचा वाटा रूट कॅनॉलच्या दर्जाहूनही मोठा दिसला होता. पुढच्या अभ्यासांनी दोन्हींना महत्त्व दिले. माझ्या कामात हा प्रश्न सर्वांत कसाला लागला तो एका वरच्या उपदाढेच्या वेळी.

या उपदाढेचे रूट कॅनॉल दुसरीकडे झाले होते, टाळूकडचा उंचवटा तुटलेला होता आणि पोकळीत झिंक ऑक्साइड-युजेनॉलचे तात्पुरते भरण होते. लवंगेच्या तेलाला त्याचा वास देणारे हे युजेनॉल दुखणे शमवायला उत्तम; पण कॉम्पोझिटमधले (दाताच्या रंगाच्या भरणातले) रेझिन ज्या रासायनिक साखळीने कडक होते, ती साखळी ते मध्येच तोडते. त्यामुळे बाटलीतले बाँडिंग, म्हणजे भरण दाताला चिकटवणारे रेझिनचे द्रावण, कितीही चांगले असले, तरी युजेनॉल मुरलेल्या डेन्टिनवर (एनॅमलखालच्या दाताच्या थरावर) ते नीट धरत नाही.

रबर डॅम (लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा) लावून भरण काढले आणि भिंगाखाली पाहिले, तेव्हा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या भिंतींवर सीलरचा (रूट कॅनॉल भरताना फटी बुजवणाऱ्या लेपाचा) पांढुरका पापुद्रा आणि कोपऱ्यांत गटापर्चाचे, म्हणजे नळीत भरलेल्या रबरासारख्या पदार्थाचे, गुलाबी ओरखडे होते. अल्कोहोलचा बोळा फिरवून हा पापुद्रा पुरता निघत नाही. म्हणून अल्ट्रासॉनिक टोकाने भिंती खरवडल्या आणि वरच्या पोकळीत ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा फवारा मारला. या कामाला पुढच्या सगळ्या कामाहून जास्त वेळ गेला, आणि तो तसाच जायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

फायबर पोस्टने, म्हणजे मुळाच्या नळीत बसवलेल्या तंतूंच्या बारीक काडीने, मूळ मजबूत होते हा समज अजून रेंगाळतो आहे. पोस्ट केवळ वरच्या बांधणीला आधार देते. दात टिकतो तो हिरडीच्या वर सभोवार उरलेल्या दीड-दोन मिलिमीटर निरोगी डेन्टिनमुळे, कारण कॅपची कड त्यालाच कवेत घेते. तेवढे डेन्टिन येथे होते, म्हणूनच पोस्टचा निर्णय घेतला. मुळाच्या टोकाशी ४ ते ५ मिलिमीटर गटापर्चा राखून बाकीचे काढले. शेवटची धुलाई सोडियम हायपोक्लोराइटने केली नाही, कारण जंतू मारणारे हे द्रावण डेन्टिनवर ऑक्सिजन मागे ठेवते आणि तोही रेझिनला कडक होऊ देत नाही. आधी १७ टक्के ईडीटीए (भिंतींवरचा बारीक भुगा विरघळवणारे द्रावण) आणि नंतर भरपूर शुद्ध पाणी, एवढेच वापरले. हायपोक्लोराइट वापरणे भागच पडले, तर १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेटने त्याचा परिणाम बराचसा उलटवता येतो.

यानंतर बाँडिंग निवडायचे होते. सौम्य सेल्फ-एच (ज्याला वेगळे ॲसिड लावून धुवावे लागत नाही असा) प्रकार सोपा असला, तरी तो पृष्ठभागावरचा युजेनॉलबाधित थर धुऊन टाकत नाही, त्यालाच स्वतःत सामावून घेतो. म्हणून ॲसिड लावून धुण्याची जुनी पद्धत घेतली आणि सोबत ड्युअल-क्युअर (प्रकाशाने आणि प्रकाशाशिवायही कडक होणारे) बाँडिंग, कारण मुळाच्या खोल भागात दिव्याचा प्रकाश पुरेसा पोचत नाही. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचे निळे जेल बारीक सुईने तळापासून वर भरले आणि १५ सेकंदांनी सुईनेच पाणी सोडून धुतले. पेपर पॉइंटच्या (ओल टिपणाऱ्या कागदी काडीच्या) टोकावर निळसर छटा दिसत होती तोवर धुणे चालू ठेवले. हवेच्या झोताने आत सुकवले नाही. संशोधक नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवल्याप्रमाणे रेझिन डेन्टिनमधल्या कोलॅजनच्या जाळीत शिरून तिथेच घट्ट होते, आणि जाळी वाळून बसली की रेझिनला आत वाट मिळत नाही. ओल पेपर पॉइंटने टिपली. बाँडिंगचा तळाशी साचलेला थेंबही तसाच टिपला, कारण तो तिथे घट्ट झाला तर पोस्ट पूर्ण खोलीपर्यंत बसत नाही.

सर्वांत अवघड अडचण आकाराची आहे. रेझिन कडक होताना आक्रसते, आणि मोकळा पृष्ठभाग असेल तिथे तो ताण थोडा सैल होतो. साध्या डबीसारख्या पोकळीत चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचे गुणोत्तर ५ च्या आसपास असते. मुळाच्या नळीत ते २०० च्याही पुढे जाऊ शकते. हा ताण पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येतो. त्यासाठी नळीत नेमकी बसणारी पोस्ट घेतली, म्हणजे तिला चिकटवणाऱ्या रेझिन सिमेंटचा थर पातळ राहिला. सिमेंट तळापासून भरले आणि पोस्ट बसवल्यावर लगेच दिवा न लावता त्याला काही मिनिटे आपल्या गतीने घट्ट होऊ दिले. त्यावर कॉम्पोझिटची बांधणी करून पुढच्या भेटीत कॅपसाठी माप घेतले.

रूट कॅनॉल माझ्याच हातचे असेल, तर ते संपते त्याच बैठकीत, रबर डॅम न काढता, नळ्यांच्या तोंडांवर मी बाँडिंग आणि कॉम्पोझिट करून घेतो. दात दुसऱ्या दंतवैद्याकडून येणार असेल, तर त्यांना आधीच दोन गोष्टी कळवतो: तात्पुरते भरण युजेनॉलविरहित असावे, आणि कोणता सीलर वापरला ते चिठ्ठीत लिहावे.