तळीराम बिचारा उगाच बदनाम

काल फोंड्याकडे मामाच्या गावी जत्रेच्या नाटकाची तालीम बघायला गेलेलो, यंदा राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ बसवतायत, दारूपायी वाया गेलेल्या सुधाकर वकिलाचं नाटक. गडकरी १९१९ मध्ये गेले तरी देवळाच्या मंडपात सुधाकर अजून पितोच आहे, आणि समोर रस्त्यापलीकडे बार चालू 😄

तालीम संपल्यावर चहावर वाद पेटला. मामा म्हणे सगळा दोष तळीरामाचा, पहिला पेला त्यानेच दिला ना. मी म्हटलं मामा, पेला पुढे केला तेव्हा सुधाकर आधीच पेटलेला होता, कोर्टात अपमान झाला, वकिलीची सनद गेली, आणि एवढा हुशार वकील पण मान खाली घालणं काय ते ठाऊकच नाही, तळीराम नसता तर दुसरा कोणी भेटला असता. त्यावर सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचं काम करणारी पोरगी, तोपर्यंत गप्प होती, एकदम म्हणाली की सिंधू मरताना फौजदारासमोर खोटं बोलून नवऱ्याला वाचवते, त्याचं काय? आयुष्यभर सगळ्यांनी त्याला सांभाळूनच घेतलं ना?

मामा गप्प. मीपण. घरी येईस्तोवर स्कूटरवर तेच डोक्यात, आणि तळीरामाचं काम करणारा मात्र खूश, म्हणतो टाळ्या मलाच पडणार.