चाळीस अंशांच्या दिवशी रेड पांडा

पूर्व इंग्लंडमधील एका लहान प्राणिसंग्रहालयात मी रेड पांडांची देखभाल करतो. बालपण अकोल्यात गेल्यामुळे पारा ४५ अंशांवर चढला तरी मला त्याचे फारसे नवल वाटत नाही. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याने अतिउष्णतेचा पहिलावहिला लाल इशारा दिला, तेव्हा सहकाऱ्यांची धावपळ पाहून मला मनातल्या मनात हसू आले होते. १९ जुलैला लिंकनशायरमधील कनिंग्सबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले आणि या देशाने प्रथमच चाळिशी ओलांडली.

सकाळी जे थोडे प्रेक्षक आले, त्यांना काळजी होती ती पेंग्विनांची. आमचे पेंग्विन हंबोल्ट जातीचे, म्हणजे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. राणीच्या बागेत हेच पेंग्विन काचेआड गारव्यात पाहिलेल्यांना खरे वाटणार नाही, पण इथे ते वर्षभर उघड्या तळ्यावर राहतात. त्या दिवशीही ते पाण्यात डुंबत होते. दोन वशिंडांच्या उंटांनी तर हिवाळ्यातली लोकर केव्हाच टाकून दिली होती. खरा बिकट प्रसंग आला तो ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते त्या प्राण्यावर.

रेड पांडा पूर्व हिमालयातील थंड, दमट जंगलांत राहतो. त्याच्या तळपायांवरसुद्धा दाट केस असतात, आणि थंडीत तो झुपकेदार शेपटी अंगाभोवती लपेटून झोपतो. हवा पंचवीस अंशांच्या वर गेली की त्याला त्रास होऊ लागतो. साडेबाराला मी पाहिले तेव्हा आमचा नऊ वर्षांचा नर ओकच्या फांदीवर पालथा पडला होता. त्याचे चारही पाय खाली लोंबत होते, तोंड उघडे होते, आणि बरगड्या इतक्या वेगाने हलत होत्या की श्वास मोजता मोजता माझी गणती दोनदा चुकली. पाण्याचे फवारे सुरू होते, पण ते त्या फांदीपर्यंत पोहोचत नव्हते. भुलीचे इंजेक्शन देऊन त्याला खाली उतरवावे का, असे मी डॉक्टरांना विचारले. भूल दिल्यावर शरीराचा तापमानावरचा ताबा आणखी सुटतो, म्हणून त्यांनी ठाम नकार दिला, आणि तो योग्यच होता. त्याला स्वतःहून खाली आणायचे तर आतली खोली थंड हवी होती. लाकडाच्या त्या खोलीतील तापमापक ३४ अंश दाखवत होता, आणि वातानुकूलन यंत्र तिथे कधी कोणी बसवलेच नव्हते.

इथे अकोला कामास आले. प्राण्यांना हुंगायला आणि खेळायला म्हणून जवळच्या एका कॉफीवाल्याने दिलेली रिकामी गोणपाटे कोठारात पडून होती. ती भिजवून मी खिडकीवर टांगली, वरून रबरी नळीने पाण्याची बारीक धार सोडली आणि बाहेर, गोणपाटांच्या पाठीमागे मोठा पंखा लावला. वाळा नव्हता, त्यामुळे सुगंध कॉफीचा आला. इंग्लंडची हवा एरवी दमट असली तरी त्या दुपारी ती कोरडी होती, म्हणूनच ही युक्ती चालली, कारण दमट हवेत पाणी नीट उडतच नाही. तासाभरात पारा २७ वर आला.

मग मी द्राक्षांचा डबा खुळखुळवला. बराच वेळ तो नुसता डोळे किलकिले करून पाहत राहिला. शेवटी खोडाला नखे रोवत, डोके खाली करून तो सावकाश उतरला, द्राक्षांकडे न पाहताच आत गेला आणि ओल्या फरशीवर पोट टेकून पसरला. पाऊण तासाने त्याचे तोंड मिटले. तेव्हा कुठे मी स्वतः पाणी प्यायलो.

आमच्या मुख्य कीपरबाईंनी गोणपाटाला हात लावून, या यंत्राचे नाव काय, असे विचारले. मी म्हणालो, 'कूलर.' याहून वेगळे काही सुचले नाही.

रात्री नऊच्या सुमारास तो बाहेर येऊन बांबूची पाने खाऊ लागल्यावर मी घरी गेलो. माझ्या खोलीत ३१ अंश तापमान होते, आणि गोणपाटे सगळी पांडाकडे राहिली होती.