ब्रीदर वर, तरी पाणी आत

डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या मधोमध चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यात, पाणी गेलेली गाडी ही बेळगाव जिल्ह्यातल्या माझ्या खानापूरच्या गॅरेजात नवलाची गोष्ट नाही. जांबोटी, कणकुंबी, आमगाव, हेम्मडगा हा तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग सह्याद्रीच्या माथ्यावर, पावसाच्या ऐन तोंडाशी आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई भीमगडच्या रानातून गोव्याकडे उतरते, आणि त्यांना मिळणारे ओढे ओलांडल्याशिवाय अनेक वाड्यांतल्या माणसांना बाजार किंवा दवाखाना गाठता येत नाही. त्यामुळे पाणी मिसळून दुधी झालेले गिअर ऑइल पाहून मी आता दचकत नाही. आषाढात, तरणा पाऊस जोरात असताना आलेल्या एका जीपने मात्र मला अजून सोडलेले नाही, कारण तिच्या ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा येण्याजाण्याची झडप, पाणी जाऊ नये म्हणून आधीच नळी लावून वर नेलेला होता.

गाडीचे मालक पन्नाशी ओलांडलेले, जंगलाकडच्या एका गावचे. प्रवासी, रेशनची पोती, सिमेंटचे पत्रे, जे मिळेल ते नेणारे. गाडी फोर-व्हील, लांब बॉडीची आणि जुनी, पण निगा राखलेली. पाठीमागून घरघर ऐकू येते म्हणून त्यांनी ती आदल्या संध्याकाळी माझ्या दारात आणून उभी केली होती. सकाळी म्हणाले, "मिस्त्री, बेळगावात पैसे मोजून नळी बसवून घेतलीय, खरं पाणी गेलं असेल तर ते गेलं कुठनं?"

ज्यांनी ब्रीदर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डिफरन्शियलचे हौसिंग बंद डब्यासारखे दिसते, पण ते पूर्ण बंद ठेवता येत नाही. क्राऊन आणि पिनियन या आतल्या दोन गिअरांचे दात एकमेकांवर दाबाखाली घसरत फिरतात, ऑइल तापते, आतली हवा फुगते, आणि तिला वाट मिळाली नाही तर ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. म्हणून हौसिंगच्या माथ्यावर टोपी असलेली एक छोटी झडप असते, तिला ब्रीदर म्हणतात. चिखलाने ती बुजली की पिनियनचे सील गळू लागते, मग गिऱ्हाईक सील बदलतो, ते पुन्हा गळते, तो पुन्हा बदलतो, आणि शेवटी सील बनवणाऱ्याला शिव्या देतो. झडप काढून साफ करायला पाच मिनिटे लागतात, पण तिकडे बघणारे मेकॅनिक आमच्या धंद्यात फार थोडे आहेत, हे मला खेदाने लिहावे लागते.

गाडी रात्रभर उभी असल्याचा एक फायदा होता. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे, पूर्ण घुसळले न गेलेले पाणी तळाशी बसते. अशा वेळी ड्रेन बोल्ट एकदम काढायचा नसतो, आटा न सोडता नुसता सैल करायचा आणि खाली पांढरे भांडे धरायचे. मी तसेच केले, आणि पहिल्यांदा आले ते जवळजवळ स्वच्छ पाणी. त्यानंतर पिवळट दुधी ऑइल, आणि सगळ्यात शेवटी बोल्टच्या चुंबकाला चिकटलेला काळा कीस. पाण्याचे माप अर्ध्या लिटरहून बरेच अधिक होते. पुढच्या ॲक्सलचे ऑइल पाहिले तर ते स्वच्छ, जुने झालेले पण कोरडे होते.

पाणी एवढे का शिरते, हे लोकांना पटवणे अवघड जाते, कारण सगळे जण ओढ्याच्या खोलीवर बोट ठेवतात. खोली हे अर्धेच कारण आहे. बेळगावहून भरलेली गाडी घेऊन चढ चढत आलात, तर हौसिंगमधले ऑइल आणि त्यावरची हवा ९० अंशांपर्यंत सहज तापलेली असू शकते. पावसाळ्यातला ओढा २५ अंशांच्या आसपास. ती तापलेली हवा पाण्यात शिरताच थंड झाली आणि तिला वाट मिळाली नाही, तर तिचा दाब जवळजवळ १८ टक्क्यांनी उतरतो, आणि तेवढी ओढ पाण्याचा सुमारे १.८ मीटर उंच स्तंभ वर खेचू शकते. हौसिंगवर वीतभर पाणी असेल तर त्या पाण्याचा स्वतःचा दाब याच्या पासंगालाही पुरत नाही. आमच्या आज्या पोटदुखीला तुंबडी लावत, पेटत्या वातीवर तांब्या पालथा घालत आणि तो निवला की कातडी आत ओढली जाई. डिफरन्शियल ओढ्यात हेच करते, फक्त कातडीच्या जागी पाणी असते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी तिथून येते, आणि म्हणूनच नळी लावून त्याचे तोंड उंचावर न्यायचे, म्हणजे ॲक्सल निवताना पाण्याऐवजी वरची कोरडी हवा आत घेतो. हौसिंग आणि ॲक्सलच्या नळ्यांत मिळून तीन लिटर हवा धरली तरी एका ओलांडणीत अर्धा लिटर पाणी आत येऊ शकते, आणि आमच्याकडे एका फेरीत ओढा एकच नसतो.

आता या गाडीची नळी. काम दिसायला देखणे होते. जुनी झडप काढून तिच्या जागी आट्याचे निप्पल बसवलेले, त्यावर ऑइलला टिकणारी नळी, जागोजागी क्लिपा, आणि नळी चेसिसवरून मागच्या दिव्यापर्यंत वर नेलेली. बसवणाऱ्याने सायलेन्सरपासून अंतर राखले होते, त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण ॲक्सल वरखाली होताना नळी ताणली जाऊ नये म्हणून जो ढील द्यावा लागतो, तो त्याने इतका सैल सोडला होता की नळीचा एक भाग स्प्रिंगच्या पाट्याजवळ लोंबत होता आणि त्या खोलगट जागी ऑइल-पाण्याचा गढूळ घोट साचला होता. नळी ॲक्सलपासून टोकापर्यंत सतत चढती असावी लागते, म्हणजे आत जमलेला ओलावा आणि ऑइल परत खाली हौसिंगमध्ये जाते. ढील द्यायचा तो वर, चेसिसजवळ कमान करून द्यायचा असतो. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून काम शिकलेल्यांना रंगीत निप्पल दिसते, नळीचा उतार दिसत नाही.

मी नळीत तोंडाने फुंकर मारली, तर हवा पुढे जाईना. लोंबत्या भागातल्या घोटाने हवा अशी अडत नाही, बुडबुडे येऊन ती निघून जाते. म्हणून मागचा दिवा सोडवला आणि नळीचे टोक हातात घेतले. टोकाला क्लिप होती, पण क्लिपेत धरायला काहीच नव्हते, आणि नळीच्या तोंडात पक्क्या मातीचा बूच बसला होता. तारेने कोरले तर माती कोरडी, बारीक आणि चाळून घेतल्यासारखी निघाली. तिच्या मागे वाळलेल्या अळ्यांचे अवशेष. हे कुंभारीण माशीचे काम होते. ती अशी पोकळी शोधते, पिल्लासाठी अळ्या भरते आणि तोंड मातीने लिंपून टाकते. घराच्या कुलपांत आणि दाराच्या भोकांत हे मी लहानपणापासून पाहिले आहे, पण ॲक्सलच्या नळीत पहिल्यांदाच पाहिले.

इथपर्यंत उत्तर सोपे वाटते. नळी बंद, म्हणून हवा आत येईना, म्हणून ॲक्सलने सीलमधून पाणी ओढले. ऑइल सीलची कड आतल्या बाजूला वळलेली असते, आतून दाब आला की ती शाफ्टवर अधिक घट्ट बसते आणि बाहेरून दाब आला की उचलली जाते. म्हणजे बुजलेला ब्रीदर आणि जरा झिजलेले सील मिळून एक पंपच तयार होतो. निवताना पाणी आत येते, तापताना ते तितक्या सहज बाहेर जात नाही. मूळची टोपीची झडप होती तेव्हाही पाणी गेले असते, पण या बंद नळीपेक्षा ती बरी होती.

पुढचा ॲक्सल कोरडा निघाला, त्याने मला थोडे गोंधळात टाकले. त्याची नळी वेगळी, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर नेलेली आणि मोकळी होती. मालकांनी लगेच निष्कर्ष काढला की पुढची बरोबर बसवली, मागची चुकीची. पण डांबरी रस्त्यावर गाडी टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर चालते, पुढच्या डिफरन्शियलवर भार नसतो, ते मागच्याइतके तापत नाही, आणि जे तापत नाही ते ओढतही नाही. पुढची नळी बुजलेली असती तरी कदाचित तिथे ऑइल स्वच्छच निघाले असते. कोरडा ॲक्सल ही कामाच्या दर्जाची पावती नव्हे.

खरा अडलेला प्रश्न वेळेचा आहे. बूच उन्हाळ्यातला असेल, तर जूनपर्यंत रोज तापणाऱ्या ॲक्सलने पिनियनच्या सीलमधून थोडे तरी ऑइल बाहेर टाकायला हवे होते. फ्लँजवर त्याचा ओघळ मिळाला असता. पण गाडी कमरेइतक्या पाण्यातून धुऊन निघालेली, त्यामुळे ओघळ असला तरी ओढ्याने नेला. ब्रेकच्या ड्रममध्ये ऑइलचा डाग नव्हता. मालक म्हणाले, चैत्र-वैशाखात मुलगा गोव्याला कामाला गेल्यामुळे गाडी बरेच दिवस उभी होती. तसे असेल तर माशीला निवांत वेळ मिळाला, आणि बूच पहिल्या मोठ्या पावसापर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही, हे जुळते. पिनियनच्या बेरिंगच्या रोलरवर मात्र गंजाचे ठिपके होते, आणि ते एका रात्रीत पडत नाहीत. त्या बेरिंगने पाणी आधीपासून पाहिलेले होते. या वर्षी की मागच्या, ते मला सांगता येईना.

मालकांना याच्याशी देणेघेणे नव्हते. त्यांनी गॅरेजातूनच नळी बसवणाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याचे म्हणणे, टोकाला छोटा फिल्टर दिला होता, तो कोणी काढला ते तुम्ही पाहा. यांचे म्हणणे, फिल्टर आम्ही कधी पाहिलाच नाही. रिकामी क्लिप दोघांच्याही बाजूने साक्ष देत होती. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले, आणि मी फिल्टर होता की नव्हता यावर बोलायला नकार दिला. एवढे मात्र सांगितले, की लोंबती नळी ही त्याची चूक आणि वर्षभर टोक न पाहणे ही यांची. दोघांनाही ते आवडले नाही.

दुरुस्ती नेहमीची. पिनियनचे बेरिंग आणि सील बदलले, चाकांकडची सीलही बदलली, क्राऊन-पिनियनचे दात वाचले होते. काही जण आत डिझेल ओतून धुतात. ते मला पसंत नाही, कारण बेरिंगच्या खाचांत उरलेले डिझेल नव्या ऑइलला पातळ करते. मी स्वस्त ताजे ऑइल भरतो, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवून चाके मोकळी फिरवतो, ते काढून टाकतो, आणि मगच ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचे ऑइल भरतो. नळी नव्याने, सतत चढती नेली, टोक खाली वळवले आणि त्यावर बारीक पितळी जाळी बसवली. जाळीही चिखलाने बुजू शकते, म्हणून ती हाताने निघेल अशीच ठेवली.

मालकांचा विश्वास बसावा म्हणून एक प्रयोग केला, आणि तो मला स्वतःलाही बघायचा होता. नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी जोडून ती वर कॅरिअरवरून फिरवून खाली आणली. गाडी भार घालून जांबोटीच्या रस्त्याला तापवून आणली, नळीचे टोक जमिनीवर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडवले आणि हौसिंगवर पाइपने गार पाणी सोडले. नळीतले पाणी हळूहळू वर सरकू लागले आणि दरवाजाची कडी ओलांडून काचेपर्यंत चढले. टोक बाटलीतून काढताच ते पाणी खाली ओघळले, आणि हवा आत शिरताना सुस्कारा टाकल्यागत आवाज झाला. मालक बराच वेळ त्या नळीकडे पाहत होते. "एवढं ओढतंय होय," एवढेच म्हणाले.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा डबा) यांचे ब्रीदर अजून मूळच्याच जागी, खाली आहेत. तेही वर नेऊ म्हटले, तर ते म्हणाले, गणपतीनंतर बघू. तोवर ओढ्याच्या अलीकडे गाडी पाचदहा मिनिटे थांबवा, ॲक्सल जरा निवू द्या, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी मलाच विचारले, "मिस्त्री, मागं बारा माणसं बसलेली, वर पाणी चढतंय. दहा मिनिटं थांबलो तर पलीकडं जायला मिळतंय काय?"

त्यांचेही बरोबर आहे. ते दोन ब्रीदर मी गणपतीच्या आधीच करून टाकायला हवेत, पैसे नंतर घेता येतील.