तुम्ही विचारलंत म्हणून: वेळ सेकंदांत का ठेवतो?

भारतभर एकच प्रमाणवेळ आहे, उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकवण्याची भानगडही आपल्याकडे नाही. मग सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये मी तारीख-वेळ दिसते तशी न ठेवता १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत का ठेवतो, असे मला रत्नागिरीत अनेकांनी विचारले आहे.

आजवर मी एकच उत्तर देत आलो: वजाबाकीसाठी. भरतीला किती अवकाश आहे हे दोन आकडे वजा केले की कळते. स्ट्रक्ट टीएममध्ये, म्हणजे सीच्या वर्ष-महिना-दिवस सुटे ठेवणाऱ्या रचनेत, मात्र जानेवारी म्हणजे शून्य, वर्ष १९०० पासून मोजलेले, आणि महिना ओलांडताना सगळा हिशेब आपल्या गळ्यात. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे.

पूर्णगडच्या खाडीत जेटीवर मी भरतीच्या वेळांचा एक छोटा फलक बसवला होता. छापील कोष्टकातल्या वेळा घरच्या संगणकावर सीच्या एमकेटाइम या फंक्शनने सेकंदांत बदलून मी त्यात भरल्या होत्या. फलक त्या लोकलटाइम या उलट फंक्शनने पुन्हा घड्याळाच्या वेळेत आणून दाखवी. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी माझे काका, जे जन्मभर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणून वावरले, फलकापुढे थबकले. दुसऱ्या दिवशीची भरती पहाटे ५:४० ला दिसत होती. "तिथीची पाऊणपट कर, तीच भरतीची वेळ. अमावास्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पहाटे पाण्याला काय काम?" मी म्हणालो, "काका, तो ठोकताळा झाला, हे कोष्टकातले गणित आहे." पुतण्याच्या शब्दाखातर त्यांनी रात्रीची मासेमारी आटोपून पहाटे होडी आत घेतली आणि ती खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर बसली. सुकाणू मोडले; बर्फ वितळत चाललेली मासळी सांभाळत खलाशी पाणी चढेपर्यंत तिथेच खोळंबले. नव्या सुकाणूला किती खर्च आला, हे काकांनी मला अजून कळू दिलेले नाही.

भरती आणि सुकती, म्हणजे ओहोटी, यांत सुमारे सहा तास बारा मिनिटांचे अंतर असते. फलकावर टीझेड, म्हणजे स्थानिक वेळेची नोंद, करायची मी विसरलो होतो; त्यामुळे ११:१० ची भरती तो ग्रीनिचच्या वेळेने, साडेपाच तास आधीची दाखवत होता. भरती म्हणून त्याने जवळजवळ सुकतीचीच वेळ दाखवली. साठवलेला सेकंदांचा आकडा बरोबर होता, आणि तेवढ्यावरच मी कित्येक महिने स्वतःची बाजू मांडत राहिलो.

तुमचा प्रश्न तिथेच मला बोचतो. '११:१०' एवढा मजकूर जसाच्या तसा ठेवला असता तर होडी रुतली नसती. पण ते ११:१० कुठल्या घड्याळाचे, हे तो मजकूर सांगत नाही, म्हणून सेकंद मी सोडलेले नाहीत. त्यांचेही सगळे सुरळीत आहे असे नाही: त्या फलकाचा टाइम_टी, म्हणजे सेकंदांचा आकडा ठेवायची जागा, ३२ बिटांचा आहे आणि १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४:०७ नंतर आकडा त्यात न मावून ऋण होईल व तो डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल.

आता फलकावर चालू वेळही दिसते. काका आधी तिथी मोजतात, मग फलक पाहतात. दोहोंत तासाभराचा फरक दिसला की मला फोन करतात, आणि मी जेटीवर जाऊन पहिल्यांदा टीझेड तपासतो.